जिथे पोलिसालाही प्रवेश नाही

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात कामाच्या दिवशी कधीही डोकावा. काळ्या कोटातल्या वकीलबाई फायली सांभाळत, अशिलाला चार गोष्टी समजावत लगबगीनं चाललेल्या दिसतील. पण १९२१ सालच्या मुंबईत बाई कितीही शिकली तरी तिला उच्च न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करता येत नव्हता. आणि गंमत बघा, याच अन्यायातून एक झकास खूनकथा जन्माला आली!

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही २०१८ची इंग्रजी कादंबरी. नायिका परवीन मिस्त्री, फोर्टात वडिलांच्या पेढीत काम करणारी पारशी सॉलिसिटर. कोर्टात तोंड उघडायची सोय नाही, म्हणून तिच्या वाट्याला करारमदार, मृत्युपत्रं, वाटण्या. एक गिरणीमालक वारतो. मागे तीन विधवा. तिघींनीही आपल्या वाट्याचं सगळं धर्मादायाला लिहून दिलंय. कागद चाळता चाळता परवीन एका सहीपाशी थबकते. सही कसली, फुली आहे ती! जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तिनं हा दस्तऐवज वाचला कधी? आणि सगळं देऊन टाकल्यावर या बायका खाणार काय?

मग जाऊन विचारावं की! पण तिघीही कडक पडद्यातल्या. परपुरुषाशी बोलणंच नाही.

इथे क्षणभर थांबा, कारण खरी करामत इथेच आहे. पडदानशीन बाईनं केलेल्या दस्तऐवजाकडे त्या काळची न्यायालयं संशयानंच पाहत. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, हे तत्त्व मानलं गेलं होतं: ज्याचा फायदा झाला, त्यानंच सिद्ध करावं की बाईला मजकूर समजला होता. उत्तम! पण खातरजमा करायची कशी? पुरुष वकील पडद्याच्या अलीकडे बसणार. पलीकडून आवाज येणार. तो नेमका कुणाचा? तिच्या कानात कोण कुजबुजतंय? कायद्यानं प्रश्न विचारला होता, पण उत्तर आणायला आत जाऊ शकत होती ती फक्त एक बाई.

पुढे या विधवांच्या घरात खून पडतो, तेव्हा पोलिसांचीही तीच पंचाईत होते. हौशी गुप्तहेर बाईच्या कथांमध्ये एक दुखरी जागा नेहमीच असते: हिला तपासात लुडबुड करू देतं कोण? लेखकाला काहीतरी ओढूनताणून जमवावं लागतं. इथे तो प्रश्नच मिटतो. बंद खोलीतल्या खुनाच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. या घराला कडी-कोयंडा नाही, तरी ते बंद आहे. बाबूराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजयसुद्धा इथे उंबऱ्याबाहेरच ताटकळला असता.

आता यातलं खरं किती? परवीन काल्पनिक, पण तिच्यामागे उभी असलेली बाई आपल्या नाशिकची! कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, १८८९मध्ये ऑक्सफर्डला गेली, १८९२मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी कधी मिळाली? १९२२मध्ये! तीस वर्षं. बाईला पदवी द्यायची तिथे पद्धतच नव्हती. दरम्यान एका संस्थानात तिनं चक्क हत्तीच्या वतीनं वकिली केली. पण तिचं मोठं काम पडद्याआडचं. १९०४पासून ती बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ या सरकारी खात्यासाठी जनानखान्यांमध्ये जाऊन विधवा आणि पोरक्या मुलांच्या मालमत्तेची कैफियत ऐकत असे. अशा ६००हून अधिक बायका-मुलांना तिची मदत झाली, असं सांगतात. परवीन कादंबरीत एकदा करते, ते कॉर्नेलियानं वर्षानुवर्षं केलं होतं. मॅसींनी मिठन टाटा (पुढे लाम) यांच्याकडूनही प्रेरणा घेतली. त्या १९२३मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि त्याच वर्षी कायदा करून भारतात स्त्रियांच्या वकिलीवरची बंदी उठली.

परवीनची पेढी आहे ब्रूस स्ट्रीटवर. म्हणजे आजचा होमी मोदी स्ट्रीट. ती जागा पाहायची तर वांद्र्याहून चर्चगेट लोकल पकडा, हुतात्मा चौकाकडे चालत जा. मालिकेत पुढच्या कादंबऱ्याही आहेत, पण सुरुवात याच पुस्तकापासून करा. मधलंच एखादं उचललंत, तर परवीनच्या लग्नाचं गुपित आधीच फुटेल.