जामखेडचा व्हॉलीबॉल

व्हॉलीबॉल खेळायला काय लागतं? दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि बारा भिडू. बारा नसले तर आठांवरही भागतं. मैदान म्हणाल तर गावाबाहेरचं मोकळं रानसुद्धा चालतं. बूट नसले तरी अडत नाही.

आता मी तुम्हाला सांगितलं, की या खेळामुळे काही गावांची तब्येत सुधारली, तर तुम्ही म्हणाल, “काहीतरीच! खेळणाऱ्याची तब्येत सुधारेल, अख्ख्या गावाची कशी सुधारेल?” तेच तर सांगायचंय.

अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या हद्दीलगत जामखेड तालुका आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांच्यावरून ते पडलं त्या अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे.) पाऊस लहरी. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली, नाही तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जायचं. १९७० साली इथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर पती-पत्नी राहायला आले. दवाखान्याला जागा कुठली मिळाली, ठाऊक आहे? गुरांच्या जुन्या दवाखान्याची!

दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. शिक्षण झाल्यावर ते आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जुलाबाने सुकून गेलेलं मूल यायचं, औषध घेऊन बरं होऊन घरी जायचं आणि काही दिवसांनी तेच मूल तोच आजार घेऊन परत दारात! घरी तेच गढूळ पाणी आणि तेच अर्धपोटी जेवण. डॉक्टर किती वेळा बरं करणार? नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यासारखंच ते.

मग दोघं अमेरिकेला गेले. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक कार्ल टेलर यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. एकेका रोग्याऐवजी अख्ख्या गावाला निरोगी कसं ठेवायचं, याचा तो अभ्यास. जामखेडच्या कामाचा आराखडा त्यांनी त्या विद्यापीठात बसूनच तयार केला. आराखडा कागदावर छान होता. पण गाव काही कागदावर नसतं.

गावात आल्यावर पहिली अडचण आली ती माणसं एकत्र बसवण्याची. “आरोग्यावर सभा आहे, या,” म्हटलं तर येणार कोण? आले तरी वरच्या जातीचे पुढे, दलित लांब कडेला आणि बायका घरातच. अशा सभेत पाण्याचा प्रश्न कसा सुटणार? आरोळ्यांनी मग सभेचा नाद सोडला आणि गावोगावच्या तरुणांसाठी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले. संध्याकाळी रानातून आलेली पोरं जाळीभोवती जमू लागली.

व्हॉलीबॉलच का, कबड्डी का नाही? मला वाटतं, त्यात एक मेख होती. कबड्डीत एकमेकांना धरावं लागतं. ज्या गावात शिवाशीव पाळतात, तिथे पहिल्याच दिवशी ते कोणाला पचलं असतं? व्हॉलीबॉलमध्ये कोणी कोणाला शिवत नाही. पण चेंडू मात्र एकच. पाटलाच्या पोराने मारलेला चेंडू दलित वस्तीतला पोरगा उचलतो आणि तिसराच तो जाळीपलीकडे धाडतो. चेंडूला जात विचारत बसलं तर पॉइंट जातो!

खेळ संपला की घामाघूम मंडळी तिथेच टेकायची आणि गप्पा निघायच्या. विहीर आटलीय, बियाणं महाग झालंय, अमक्याचं लेकरू तापाने फणफणलंय. यातूनच गावोगाव शेतकरी मंडळं उभी राहिली. त्यांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, झाडं लावली. शोषखड्डा म्हणजे घराच्या मोरीचं पाणी जिथे पडतं तिथे खणलेला, दगड-गोट्यांनी भरलेला खड्डा. पाणी आत मुरतं, डबकं साचत नाही आणि डासांना अंडी घालायला जागा उरत नाही. मलेरिया नको असेल तर पंप घेऊन औषध फवारण्यापेक्षा हे स्वस्त!

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आजी-आजोबांना विचारा, ते तुम्हाला तासभर सांगतील. त्या वेळी गावांमध्ये कूपनलिका खणायच्या होत्या. जागा दाखवायला भूगर्भातलं जाणणारा माणूस आला. त्याला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पाणी दलित वस्तीतच दाखवायचं. झालं! हापसा बसला वस्तीत. आता बाकीच्या गावाला पाणी हवं असेल तर तिथेच जायला हवं. घागरी घेऊन सगळे गेले. तहान काही जात पाहत नाही.

ही लबाडी होती का? तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर जिल्ह्यातल्या सगळ्यांत चांगल्या लबाड्यांपैकी ही एक होती.

तरी एक प्रश्न उरलाच. गावात रोजच्या रोज बाळांकडे आणि गरोदर बायकांकडे लक्ष कोण देणार? शिकलेल्या नर्सबाईंना पाठवून पाहिलं. त्या तिथे रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावातलीच एक बाई निवडायची ठरलं. तिला लिहिता-वाचता आलंच पाहिजे, अशी अट नव्हती. अनेकजणींना तर अक्षर-ओळखही नव्हती. कित्येकजणी दलित होत्या आणि काहींना नवऱ्याने टाकलं होतं. आजवर गावाने ज्यांना मोजलंच नव्हतं, त्याच बायका आता गावाची तब्येत मोजणार होत्या!

त्या दर आठवड्याला शिकायला जामखेडला येत. जेवायला सगळ्या एकत्र बसत. रात्री झोपताना सगळ्याजणींना मिळून एकच भलंमोठं पांघरूण असे. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका पांघरुणाखाली! पहिल्या रात्री कितीजणींना झोप लागली असेल, कोण जाणे.

त्या काय शिकल्या? मूल आजारी पडायच्या आधीच कसं ओळखायचं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. बाळाचं वजन दर महिन्याला वाढायला हवं. दोन-तीन महिने काटा जागचा हलला नाही, तर मूल हसत-खेळत असलं तरी काहीतरी बिनसलंय हे समजायचं. आई म्हणते, “तो मुळातच बारीक आहे.” काटा तसं म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जुलाबाची. जुलाब होत असताना पाणी दिलं तर ते आणखी वाढतात, असा समज होता. म्हणून बाळाला पाणीच द्यायचे नाहीत आणि ते सुकून दगावायचं. खरं तर उलट करायला हवं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचं. चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागता कामा नये. मग हे पाणी घोट-घोट पाजत राहायचं. साखर कशाला? तर आतड्यातून साखर आत जाताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि दोघांमागोमाग पाणीही आत ओढलं जातं. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही. हे शास्त्र जगाला कळूनही फार वर्षं झाली नव्हती आणि इकडे अक्षर-ओळख नसलेल्या बायका ते शेजारणीला समजावून सांगत होत्या.

१९७१ साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. तुमच्या वर्गात साठ मुलं असतील तर हिशेब करून बघा. पहिल्या आकड्याने दहाहून जास्त बाकं रिकामी राहतात, दुसऱ्याने तीन. तीनही जास्तच, पण पाच वर्षांत एवढा फरक पडला! मोठं हॉस्पिटल बांधून तो पडलेला नव्हता.

जगाचं लक्ष मग जामखेडकडे गेलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागाने चाललेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमायला सुरुवात झाली, त्या योजनेला सल्ला देणाऱ्यांत डॉ. रजनीकांत आरोळे होते. तुमच्या गावातली आशाताई म्हणजे जामखेडच्या त्या बायकांची धाकटी बहीणच म्हणा ना! मेबलताई १९९९ मध्ये गेल्या आणि रजनीकांत २०११ मध्ये.

या बायकांपैकी एक मुक्ताबाई पोळ. १९८८ मध्ये त्यांना अमेरिकेत, वॉशिंग्टनला आरोग्यावरच्या एका मोठ्या परिषदेत बोलायला बोलावलं होतं. सभागृहात लखलखती झुंबरं लावलेली. समोर डॉक्टर, प्राध्यापक आणि मोठमोठे अधिकारी. मुक्ताबाईंनी वर झुंबरांकडे बोट दाखवलं. ही फार सुंदर आहेत, म्हणाल्या, पण महाग आहेत आणि बघायला हजारो मैल यावं लागतं, डॉक्टरांचंही तसंच असतं. मग त्यांनी पिशवीतून दोन साधे दिवे काढले. एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा लावला. आम्ही या दिव्यासारख्या, एकीवरून दुसरी पेटते, असं त्यांचं म्हणणं होतं. असं म्हणतात, की ऐकणारे उभे राहिले.

जामखेडला नंतर शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली. देशोदेशींच्या विद्यापीठांतले विद्यार्थी येतात, वह्या-पेनं सरसावून बसतात. विद्यापीठात तयार झालेला आराखडा गावात आला होता, आता विद्यापीठच गावात येऊन बसतं. पण त्यांच्यासमोर शिकवायला उभी राहणारी अनेकदा एखादी साधी लुगडं नेसलेली बाई असते. ती मराठीत बोलते, शेजारी उभा असलेला माणूस इंग्रजीत सांगतो. बाळाचं वजन का वाढत नसेल, असं ती विचारते. पाहुणे मोठमोठी नावं घेतात, या रोगाचं, त्या जंतूचं. ती ऐकून घेते आणि मग विचारते, “त्याच्या आईनं सकाळी काय खाल्लं, ते कुणी विचारलं का?”