आधी टोपी, मग रिव्हॉल्वर

सर्जिओ लिओनेचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात टुको नावाचा बदमाश वाळवंटातून कसाबसा जीव वाचवून येतो आणि बंदुकीच्या दुकानात शिरतो. दुकानदार त्याच्यासमोर रिव्हॉल्वर मांडतो. टुको त्यांचे भाग सुटे करतो. एकाची नळी घेतो, दुसऱ्याचं सिलिंडर घेतो, ते कानाशी धरून फिरवतो आणि आवाज ऐकतो. आपली आजी बाजारात भेंडीचं टोक मोडून बघते ना, अगदी तसंच. शेवटी त्याच रिव्हॉल्वरने तो दुकानदाराला लुटतो, हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे तशी रिव्हॉल्वरं आजही नवीकोरी मिळतात. सिनेमा जसा इटालियन, तशीच ही रिव्हॉल्वरंही बहुतेक इटलीतच बनतात. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत त्यांची आणि त्यांना लागणाऱ्या सामानाची मोठी टंचाई झाली. त्या टंचाईत खरेदी कशी करावी, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही.

वस्तू आहे तरी काय?

मराठीत 'ठासणीची बंदूक' असा शब्द आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची आणि गजाने ठासायची. अमेरिकन यादवी युद्धातली (१८६१–६५) कोल्ट आणि रेमिंग्टनची बहुतेक रिव्हॉल्वरं याच जातीची. फरक एवढाच की इथे ठासायचं ते सिलिंडरच्या सहा घरांत, पुढच्या बाजूने. दारू म्हणजे जुनी काळी दारू. तिच्यात साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो.

प्रत्येक घराच्या मागे एक बारीक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवतात. टोपीत चिमूटभर स्फोटक असतं. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते.

गोळी मुद्दाम घरापेक्षा किंचित मोठी घेतात. ठासताना शिशाची बारीक कडी कापली जाते आणि घर गच्च बंद होतं. तसं झालं नाही तर शेजारच्या घरात ठिणगी शिरून दोन-तीन घरं एकदम उडू शकतात. म्हणजे इथे 'चालतंय, चालवून घेऊ' म्हणायची सोय नाही.

इटलीच का?

१९५०च्या दशकाच्या शेवटी व्हॅल फॉर्गेट हा अमेरिकन व्यापारी या जुन्या रिव्हॉल्वरांच्या नकला करून घ्यायला इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावी पोचला. हे गाव पिढ्यान् पिढ्या बंदुका करणारं. इथल्या बेरेट्टा घराण्याने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. उबेर्ती कंपनी १९५९ची. लगेच १९६१ला यादवी युद्धाची शताब्दी आली. जुने गणवेश घालून लढायांचे प्रसंग उभे करणारी हौशी मंडळी तयारच होती. धंदा जमला.

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा ठासणीच्या नकला 'पुरातन' शस्त्रांत धरल्या जातात. त्यामुळे अनेक राज्यांत त्या घरपोच मागवता येतात. काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. (आपल्याकडे चालू स्थितीतली ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी ऑर्डर द्यायला जाऊ नये!)

साखळी तुटली

मार्च २०२०. कोविडने सगळ्यात आधी होरपळलेल्या भागांत इटलीचा ब्रेशिया प्रांत होता, आणि गार्दोने त्याच प्रांतात. अत्यावश्यक नसलेले कारखाने सरकारने बंद केले. त्याच वेळी अमेरिकेत भीतीपोटी बंदुका आणि काडतुसांची प्रचंड खरेदी सुरू झाली. काडतुसाच्या बुडाशी बसणारा प्रायमर आणि आपली ही टोपी, दोन्ही करणारे कारखाने बऱ्याच अंशी तेच. त्यांनी आधी प्रायमर केले. टोप्या दुकानांतून गायब झाल्या.

मग सप्टेंबर २०२१ मध्ये 'गोएक्स' काळी दारू बनवणारा लुइझियानातला मिंडनचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत हौशी लोकांसाठी काळी दारू करणारा कारखाना तेवढा एकच. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो विकत घेतला, पण मधल्या काळात लोकांनी मिळेल तो डबा उचलला.

आता विचार करा. हातात सुंदर रिव्हॉल्वर आहे, पण टोपी नाही. ते फक्त अडीच पौंडांचं लोखंड. काहींनी कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यातून टोप्या पाडायचा हातयंत्राचा मार्ग धरला. पत्रा पाडणं ठीक, पण आत भरायचं स्फोटक घरी कालवणं म्हणजे बोटांशी खेळ.

टंचाई जुनीच

हे सगळं पहिल्यांदा घडलं असं मात्र नाही. १८६१च्या अखेरीस उत्तरेकडच्या सरकारसाठी लामोत द्यू पाँ सोरा विकत घ्यायला लंडनला गेला. सोरा कुठला? आपल्या बिहारचा. तिथले नोनिया लोक गावातली खारी माती खरवडून, धुऊन, उकळून तो काढायचे. त्याच सुमारास एका ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन दूत पकडले गेले, इंग्लंड संतापलं आणि सोऱ्याची निर्यात थांबली. लिंकनने दूत सोडले, तेव्हा सोरा सुटला. फेब्रुवारी १८६४ मध्ये कोल्टचा हार्टफर्डचा कारखाना जळाला आणि सैन्याची भिस्त रेमिंग्टनवर आली.

दक्षिणेची अवस्था याहून वाईट. लोखंड-पोलाद कमी. जॉर्जियातल्या ग्रिझवोल्डव्हिल या गावी कापसातून सरकी काढायची यंत्रं करणाऱ्या कारखान्याने कोल्टची नक्कल सुरू केली आणि फ्रेम पितळी केली. दोन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास रिव्हॉल्वरं झाली. १८६४च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या घोडदळाने कारखाना जाळला. तिथे काम करणाऱ्यांत बहुतेक जण गुलाम होते. ज्या युद्धात गुलामगिरी टिकवायची होती, त्याची हत्यारं गुलामांकडूनच करून घेतली गेली.

या फ्रेम चर्चच्या घंटा वितळवून केल्या, अशी दंतकथा सांगतात. जनरल ब्यूरेगार्डने १८६२ मध्ये तोफांसाठी घंटा मागितल्या होत्या, हे खरं. घंटेच्या आवाजावर वाढलेल्या माझ्यासारखीला ते वाचून कसंतरीच झालं. पण घंटेचं कासं म्हणजे भरपूर कथील घातलेलं तांबं. ते कडक आणि ठिसूळ असतं. रिव्हॉल्वरच्या फ्रेमला ते चालायचं नाही. या फ्रेममध्ये तांबंच फार, म्हणून त्या लालसर दिसतात.

मग घ्यायचं काय?

ही पितळी फ्रेम आजच्या नकलांतही आहे. ती पोलादीपेक्षा स्वस्त आणि दिसायला झकास. टंचाईत पोलादी माल संपला की नवखा गिऱ्हाईक तीच उचलतो. पण पितळ मऊ. सतत भरपूर दारू भरली की फ्रेम ताणते, सिलिंडर सैल होतं. थोडी दारू भरणाऱ्याला ती पुरते. रोज उडवायचं असेल तर थांबून पोलादी घ्यावी.

जुनी वस्तू घेताना टुकोसारखं वागावं. घोडा हळू मागे ओढून सिलिंडर जागेवर घट्ट बसतं का पाहावं. बोंड्या झिजल्यात का, नळीत गंज आहे का पाहावं. काळ्या दारूची काजळी ओल धरते. धुतली नाही तर गंज आलाच. इटालियन मालावर सरकारी चाचणीचा शिक्का असतो: ताऱ्याखाली 'पीएन', म्हणजे काळ्या दारूसाठी तपासलेलं. शेजारच्या छोट्या चौकोनातल्या अक्षरांवरून कोणत्या वर्षी तपासलं तेही कळतं.

आणि सगळ्यात आधी विचारावं: त्या मापाच्या टोप्या मिळतात का? दारू मिळते का? नसेल तर दुकानदार कितीही म्हणाला, 'हे शेवटचंच आहे', तरी हात मागे घ्यावा.

टंचाईत आपण विचारतो, 'काय शिल्लक आहे?' त्याऐवजी 'हेच का शिल्लक आहे?' असं विचारायला हवं. ग्रिझवोल्डव्हिलचं पितळ शोभेसाठी नव्हतं. पोलाद नव्हतं म्हणून ते आलं, आणि ज्यांनी ते ओतलं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. आज तेच पितळ शोकेसमध्ये सोन्यासारखं चमकतं. घेणाऱ्याने खुशाल घ्यावं, पण ते कशाची खूण आहे हे माहीत असलेलं बरं.