कोल्हा कोणाचा?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लोडोविक पोस्ट नावाचा एक गृहस्थ कुत्री घेऊन कोल्ह्याच्या मागे लागला होता. जमीन पडीक, कोणाच्याच मालकीची नाही. कोल्हा हाती लागणार एवढ्यात जेसी पिअर्सन मध्येच उपटला, त्याने कोल्ह्याला मारले आणि उचलून घेऊन गेला. पाठलाग चालू आहे हे त्याला दिसत होते. पोस्टने दावा ठोकला आणि खालच्या कोर्टात जिंकला. पण १८०५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवला: नुसता पाठलाग केल्याने रानातले जनावर कोणाचे होत नाही. न्यायमूर्ती लिव्हिंग्स्टन यांचे मत मात्र वेगळे पडले. कोल्हा हा उपद्रवी प्राणी. पहाटे उठून त्याच्यामागे दौडायचे आणि शिकार भलत्यानेच न्यायची असे झाले तर उठेल कोण, असा त्यांचा सवाल होता.

अमेरिकेत मालमत्तेचा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा खटला अगदी सुरुवातीलाच भेटतो. १९९३ साली हा कोल्हा ॲमस्टरडॅमला पोचला, आणि तोही संगणकवाल्यांच्या सभागृहात. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा’ या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद तिथे भरली होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयकेल’ म्हणतात. पहिली परिषद मे १९८७ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात झाली. तेव्हापासून २०२५ च्या शिकागोपर्यंत दर विषम वर्षी, अशा वीस परिषदा झाल्या. व्हँकूव्हर, ऑक्सफर्ड, मेलबर्न, ऑस्लो, बोलोन्या, रोम अशी ती फिरत राहिली. २०२१ ची ब्राझीलमधल्या साओ पाउलोला ठरली होती, ती साथीमुळे पडद्यावरच भरली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतर परिषदांना आज हजारोंची गर्दी असते. तिथे कंपन्यांचे गाळे लागतात आणि नोकरभरती चालते. त्यांच्यापुढे आयकेल लहानच. पण इथे संगणकशास्त्रज्ञाच्या शेजारी वकील बसतो, आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे समजून घ्यावे लागते. मला या परिषदेचे सगळे वैशिष्ट्य या जोडीत दिसते. नॉर्थईस्टर्नमधल्या कॅरोल हॅफ्नर संगणकाच्या प्राध्यापक, डोनाल्ड बर्मन कायद्याचे. परिषदेच्या उभारणीत दोघेही होते. आज सर्वोत्तम निबंधाचा पुरस्कार हॅफ्नर यांच्या नावाने दिला जातो आणि विद्यार्थ्याच्या सर्वोत्तम निबंधाचा बर्मन यांच्या. कोल्ह्याला ॲमस्टरडॅमला नेले तेही या दोघांनीच.

का नेले, ते कळायला थोडे मागे जावे लागेल. त्या काळात या क्षेत्रात दोन घराणी होती. एक नियमवाल्यांचे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मारेक सर्गट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा ‘प्रोलॉग’ या संगणकी भाषेत उतरवला. त्यावरचा निबंध १९८६ चा. कायद्याचे पहिलेच कलम सांगते की ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाची आई किंवा बाप नागरिक असेल, किंवा तिथे स्थायिक असेल, तर मूल नागरिक. इथवर सोपे. पुढचे उपकलम टाकून दिलेल्या तान्ह्या मुलाचे आहे: उलट काही सिद्ध झाले नाही तर ते ब्रिटनमध्येच जन्मले आणि आईबाप या अटीत बसणारे होते असे मानायचे. म्हणजे काही ठाऊक नसणे हाच इथे निष्कर्षाचा आधार, आणि उद्या आई सापडली तर निष्कर्ष मागे घ्यायचा. एका बेवारस बाळाने तर्कशास्त्रज्ञांना कामाला लावले, हे मला फार आवडते.

दुसरे घराणे निवाडेवाल्यांचे. एडविना रिसलंड आणि केव्हिन ॲशली यांची ‘हायपो’ ही प्रणाली १९८७ च्या पहिल्याच परिषदेत आली. विषय व्यापारी गुपितांच्या चोरीचा. कोण जिंकेल हे ती सांगत नसे, ती भांडत असे. वादीतर्फे एक जुना निवाडा पुढे करायची, मग प्रतिवादीतर्फे ‘तो खटला वेगळा होता, कारण…’ म्हणून तो बाजूला सारायची किंवा उलटा निवाडा आणायची, आणि शेवटी वादीला पुन्हा उत्तर द्यायची. कोर्टात पाऊल टाकलेल्या कोणालाही ही लय ओळखीची वाटेल. जुन्या-नव्या खटल्यांतले साम्य ती ठरावीक मुद्द्यांवर मोजायची: गुपित किती जणांना सांगितले होते, लाच देऊन माणूस फोडला होता का, वगैरे.

बर्मन आणि हॅफ्नर यांचा आक्षेप इथेच होता. त्यांनी कोल्ह्याशेजारी इंग्लंडमधले आणखी दोन खटले ठेवले. एकात कीबल नावाच्या माणसाचे बदके धरण्याचे तळे होते. शेजाऱ्याने मुद्दाम बंदुकीचे बार काढून बदके उडवली. कीबल जिंकला. दुसऱ्यात एका कोळ्याने तारलीसारख्या माशांच्या थव्याभोवती जाळे जवळजवळ पुरते फिरवले होते. राहिलेल्या फटीतून दुसरा कोळी होडी घालून शिरला आणि मासे घेऊन गेला. पहिला हरला. दोन्हीकडे वादी पोटासाठी राबत होता, दोन्हीकडे सावज अजून हातात आले नव्हते, तरी निकाल उलटे. मुद्दे मोजून हे कोडे सुटत नाही. बदकांचा शेजारी धंदा करत नव्हता, नुसता मोडता घालत होता. दुसरा कोळी मात्र पहिल्यासारखाच पोट भरत होता, आणि स्पर्धकांतली चढाओढ सोडवणे न्यायालयाला आपले काम वाटले नाही. नियम कशासाठी आहे हे यंत्राला सांगितलेच नाही, तर त्याला साम्य दिसेल पण कारण दिसणार नाही, असा निबंधाचा रोख होता.

त्यानंतर या खटल्यांवरच्या लिखाणाचे पीकच आले. ट्रेव्हर बेंच-केपन आणि इतर संशोधकांनी त्यांतली मूल्ये, त्यांचा अग्रक्रम, युक्तिवादांची रचना यांवर वर्षानुवर्षे लिहिले. पुढे त्यांत बेसबॉलचा एक चेंडूही आला. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मारलेला त्याचा विक्रमी ७३ वा होम रन प्रेक्षकांत गेला. पोपोव्ह नावाच्या प्रेक्षकाच्या हातमोज्यात तो टेकला, गर्दीने पोपोव्हला खाली पाडले, आणि घरंगळलेला चेंडू हयाशी नावाच्या दुसऱ्याने उचलला. न्यायाधीशांनी चेंडू विकून पैसे अर्धे-अर्धे वाटायला लावले. चेंडूला साडेचार लाख डॉलर आले.

त्याच त्या तीन-चार खटल्यांवर एवढा खल पाहून बाहेरच्यांना हसू येई, आणि त्यात थोडे तथ्य होतेच. हायपोत खटले जेमतेम काही डझन होते आणि प्रत्येक खटला माणसाने हाताने भरलेला. वकिलीच्या रोजच्या कामाला त्याचा उपयोग बेताचाच. मग न्यायालयांचे निकाल लाखोंनी संगणकावर आले, शिकणारी यंत्रे आली आणि परिषदेचा तोंडवळाच पालटला. २०१४ पासून ‘कोली’ या स्पर्धेत संगणकांना जपानी वकिली परीक्षेतले दिवाणी कायद्याचे प्रश्न सोडवावे लागतात.

जून २०२३ मध्ये परिषद पोर्तुगालमधल्या ब्रागाला भरली होती. तिथे एका अमेरिकी गटाने मजकूर रचणाऱ्या जीपीटी-३ या यंत्राची परीक्षा मांडली. अमेरिकी करकायद्याची कलमे देऊन प्रश्न विचारले तेव्हा त्याने आधीच्या यंत्रांपेक्षा बरी उत्तरे दिली. पण संशोधकांनी स्वतः रचलेली, अगदी साधी, कधी कुठे न छापलेली कलमे दिली तेव्हा ते अडखळले. परिषद चालू असतानाच, २२ जूनला, न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायाधीशांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यातल्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी चॅटजीपीटीकडून घेऊन दाखल केलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. हायपोला निवाडे मोजकेच ठाऊक होते, पण तिने एकही मनाने रचला नव्हता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात ‘सुपेस’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाले, ते तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे यांच्या कारकिर्दीत. ते माहिती शोधून पुढे ठेवेल, निर्णय देणार नाही, असे त्यांनी तेव्हाच बजावले. त्याआधी, २०१९ मध्ये, आयकेलची युरोपीय बहीण शोभणाऱ्या ‘ज्युरिक्स’ परिषदेत खरगपूरच्या आयआयटीतल्या गटाने एक निबंध वाचला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल लांबलचक, आणि बहुतेकांत मधले मथळेही नसतात. म्हणून ५० निकालांतल्या वाक्यावाक्याला कायदा शिकलेल्या माणसांकडून खुणा करून घेतल्या: हे वाक्य वस्तुस्थितीचे, हे वकिलाच्या युक्तिवादाचे, हे खालच्या कोर्टाचे म्हणणे, हे निर्णयाचे कारण. मग यंत्राला तेच ओळखायला शिकवले. काम वरवर कारकुनी वाटते. पण हरलेल्या वकिलाचे वाक्य न्यायालयाचे मत म्हणून उचलणारे यंत्र किती घोळ घालेल, हे अपिलाची कागदपत्रे चाळलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.