माहेरचं नाव, सासरचं नाव आणि व्हिसाची खिडकी

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीसमोर सकाळी रांग लागते, तेव्हा त्यात काही नव्या नवऱ्या असतात. हातात जाडजूड फाइल, त्यात लग्नाचे फोटो. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असला की त्याच्याकडे कायमचं राहायला जाण्यासाठी स्थलांतर व्हिसा लागतो. त्याची मुलाखत पुष्कळदा काही मिनिटांत आटोपते, तयारी मात्र महिनोन्महिने चाललेली असते.

सुरुवात तिकडे असलेल्या जोडीदाराने करायची. तो आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातं. मग शुल्क, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज आणि आय-८६४ हे पोसण्याचं हमीपत्र. जोडीदाराचं उत्पन्न साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. कमी पडलं तर दुसरा जामीनदार शोधावा लागतो.

मराठी घरांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा.

माहेरची शुभांगी रमेश लग्नानंतर शुभांगी अमित होते, आडनावही बदलतं. काही घरांत तर ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि शुभांगीची गौरी होते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, बँकेचं पासबुक तिसऱ्याच. त्यात जुन्या जन्मदाखल्याची गंमत निराळी. बारशाआधीच नोंद झाल्यामुळे बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते. ते नाव नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन चढवून घ्यावं लागतं, आणि हे काम एका हेलपाट्यात होईलच असं नाही. मुलाखतीची तारीख आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आय-१३० भरला त्याच आठवड्यात हा दाखला काढून बघावा. अर्जात आधी वापरलेली सगळी नावं विचारतात. ती सगळी लिहावीत, तांदळावरचंसुद्धा. नाव बदलणं हा गुन्हा नाही. लपवलं तर मात्र शंकेला जागा होते.

लग्नपत्रिका आणि हॉलची पावती म्हणजे विवाहनोंदणी नव्हे. निबंधकाचं प्रमाणपत्रच लागतं. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत लागते. घरातल्या चार वडीलधाऱ्यांसमोर झालेली काडीमोड इथे सहसा पुरत नाही. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची: छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, राहिलेल्या लसी.

मुलाखतीच्या दिवशी मोबाइल आत नेता येत नाही. खिडकीसमोर उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायची. मग प्रश्न: कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय काम करतो, शेवटचे कधी भेटलात? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून जमलेलं लग्न असेल तर तसंच सांगावं. स्थळ कुणी आणलं, दोन्ही घरचे कुठे भेटले, साखरपुडा कधी झाला, हे ज्याचं त्याला पाठ न करता आठवतं. पाठ केलेली प्रेमकथा मात्र दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते. स्टुडिओतल्या दोघांच्या फोटोंपेक्षा सासू-सासऱ्यांसोबत जेवतानाचा साधा फोटो जास्त बोलतो. विमानाची तिकिटं आणि एकमेकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदीही सोबत असाव्यात. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावं. जाणूनबुजून खोटं बोललेलं सिद्ध झालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

कधी हातात २२१(जी) असा कागद पडतो आणि घरी रडारड सुरू होते. पण तो दरवेळी शेवटचा नकार नसतो. अनेकदा एखादा दाखला कमी असतो किंवा आणखी तपास बाकी असतो. त्यावर काय मागितलंय ते नीट वाचून तेवढंच पाठवावं.

अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड अटीवर, दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत, ही अट काढून घेण्यासाठी, आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. तेव्हा एकत्र संसाराचे पुरावे जोडावे लागतात: दोघांच्या नावावरचं भाडेपत्र, बँकखातं, विजेचं बिल.