चिचुंद्रीची कैफियत

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग पाळ्यांवर काम करणाऱ्या कामगारांची जी बजाजनगर नावाची वस्ती वाढत गेली, तिच्यात माणसांबरोबर आणखी एका प्राण्याने, कोणत्याही दफ्तरी नोंद न करता, बिनभाड्याचे बिऱ्हाड थाटलेले आहे. रो-हाउसांच्या मागल्या अंगाला मोरीचे पाणी जिथून गटारात उतरते त्या भोकातून तो रात्री आत येतो, भिंतीचा पायथा न सोडता, बारीक चिकचिक करीत स्वयंपाकघराची फेरी पुरी करतो, आणि दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतलेल्या माणसाने दिवा लावताच सिलिंडरच्या मागे दडून बसतो. मग झाडू येतो, आरडाओरडा होतो, आणि प्राणी निसटून गेला तरी कस्तुरीची आठवण देणारा, पण कस्तुरीचे सौजन्य मुळीच नसलेला एक उग्र वास पहाटेपर्यंत घरात रेंगाळत राहतो. घरातली वडीलधारी बाई नाकाला पदर लावते आणि म्हणते, "चिचुंद्री येऊन गेली."

चिचुंद्रीला उंदराच्या जातीत ढकलण्याची आपली वहिवाट जुनी असली तरी तिला आधार नाही. लिनियसने १७६६ साली जिचे शास्त्रीय नामकरण केले ती ही संकस म्युरिनस कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली नसून कीटकभक्षकांपैकी, नात्याने जाहकाच्या जवळची आहे. तिचे लांबट, सतत हलणारे मुस्कट, मोहरीएवढे मंददृष्टीचे डोळे आणि बुडाशी जाड असून विरळ लांब केस असलेले शेपूट एकदा नीट पाहिले, की पुन्हा घोटाळा होण्याचे कारण उरत नाही. झुरळे आणि इतर किडे हे तिचे मुख्य अन्न. पिले जराशी मोठी झाली, की जागा बदलताना पहिले पिलू आईच्या शेपटाच्या बुडाशी दातांनी धरते, दुसरे पहिल्याला धरते, आणि अशी ती सगळी साखळी भिंतीच्या कडेने इतक्या शिस्तीत सरकते, की अंधारात पाहणाऱ्याला तिथे एखादा लहानसा साप असल्याचा भास व्हावा.

या प्राण्याच्या वासाविषयी आपल्या देशात जेवढ्या कंड्या पिकल्या, तेवढ्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या वासाविषयी पिकल्या असतील. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज साहेबांची ठाम समजूत अशी होती, की चिचुंद्री बाटलीवरून नुसती पळत गेली तरी बूच घट्ट असताना आतली बिअर नासते. सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्डनने यावर अत्यंत समंजस शंका काढली, की बाटल्या भरण्यापूर्वीच बुचांना तो वास लागलेला असण्याचा संभव अधिक आहे. आणि पुढे निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने असे नोंदवले, की युरोपात भरून इकडे आलेल्या बाटल्यांना हा दोष लागत नाही हे ध्यानी आल्यावर त्या गोष्टीवरचा लोकांचा विश्वास कमी झाला. साध्या काचेतून वास आरपार जातो असे मानण्यापेक्षा गोदामात उघडी पडलेली बुचे तपासावीत, हे सुचायला एवढा काळ का लागावा, याचे मला नवल वाटते. पण तिरस्कृत प्राण्यावरचा आरोप तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही, हेही खरेच.

हा वास येतो कुठून? चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींवर, पुढल्या पायामागे, आखूड राठ केसांनी वेढलेली एकेक गंधग्रंथी असते. कंठाच्या आणि कानामागच्या त्वचेतील मोठ्या घर्मग्रंथीही या वासाला हातभार लावतात. या ग्रंथींचा कारभार एरवी शांतपणे चालतो, आणि आपल्या हद्दीची खूण पटवणे, जोडीदाराला आपला ठावठिकाणा कळवणे अशी नित्याची कामे त्यांच्याकडून होत असतात. परंतु प्राण्याला धास्ती बसली, की शरीरातील अनुकंपी चेतासंस्था अंमल हाती घेते: अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, आणि त्या धांदलीत त्वचेच्या ग्रंथींतील साठाही बाहेर पडतो. तो सोडावा की न सोडावा, असा विचार तिथे होत नाही. आपल्याला भीतीने दरदरून घाम फुटतो तेव्हा आपणही कोणाची परवानगी घेत नाही. शिवाय काखेतल्या ज्या घर्मग्रंथींमधून तो येतो त्या मानसिक ताणाला विशेष तत्परतेने प्रतिसाद देतात, त्यामुळे मुलाखतीच्या दालनाबाहेर बसलेल्या उमेदवाराच्या आणि कारखान्यात कष्ट उपसणाऱ्याच्या घामाचा दर्प एकसारखा नसतो.

अनैच्छिक असली म्हणून ही क्रिया निरुपयोगी ठरत नाही. मांजर चिचुंद्रीला पुष्कळदा मारते, पण खात नाही. तोंडात धरून पुन्हा टाकून दिलेली चिचुंद्री दारात पडलेली अनेकांनी पाहिली असेल. ज्या मांजराने एकदा हा अनुभव घेतला ते पुढल्या वेळी थबकते, आणि त्या क्षणभराच्या विलंबात चिचुंद्री मोरी गाठते. उलट, गव्हाणी घुबडावर या अस्त्राचा काहीच प्रभाव पडत नाही: ते कानांच्या भरवशावर शिकार करते, भक्ष्य सबंध गिळते, आणि मग न पचलेल्या केसांचे व हाडांचे गोळे ओकून टाकते, या गोळ्यांत चिचुंद्रीच्या कवट्या नेहमी सापडतात. तेव्हा हे संरक्षण नाकाने जगणाऱ्या शत्रूंपुरतेच आहे.

हीच यंत्रणा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या एका मऊ, करड्या, मोठ्या कानांच्या रहिवाशात आढळते. चिंचिला हा खराखुरा कुरतडणारा प्राणी असून त्याच्या एकेका केशकूपातून पन्नास-साठ केस निघतात. या लोकरीपायी त्याची इतकी कत्तल झाली, की १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना यांना त्याच्या बंदोबस्तासाठी करार करावा लागला. पुढे १९२३ मध्ये मॅथियास चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने अकरा चिंचिले डोंगरातून सावकाश खाली उतरवत कॅलिफोर्नियाला नेले, आणि अमेरिकेतल्या पाळीव चिंचिलांची वंशावळ पुष्कळशी या अकरांपाशी जाऊन पोहोचते. एरवी या प्राण्याला जवळजवळ वासच नसतो, आणि म्हणूनच पाळणारे चकित होतात. कारण घाबरला, की त्याच्या गुदग्रंथींतून करपलेल्या बदामासारखा म्हणून वर्णिला जाणारा चमत्कारिक दर्प सुटतो. चिडलेली मादी तर मागल्या पायांवर उभी राहून मूत्राची चिळकांडी समोरच्यावर अशी नेमकी मारते, की तिचा हेतू काय होता याविषयी संशयाला जागा राहत नाही. शत्रूने घट्ट पकडलेच तर चिंचिला त्या जागेची लोकर सोडून देऊन निसटतो, आणि पकडणाऱ्याच्या मुठीत केसांचा नुसता पुंजका उरतो.

येथे माणूस नेमकी उलटी तजवीज करतो. वास आला म्हणजे प्राणी घाणेरडा झाला असे समजून तो त्याला पाण्याने धुऊ लागतो. वास्तविक ती दाट लोकर भिजली, की लवकर वाळत नाही, आणि त्वचेला बुरशी धरण्याचा धोका उद्भवतो. चिंचिला ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक धुळीत लोळून स्वच्छ होतो, त्याला तेवढेच पुरते. शिवाय पकडण्याच्या आणि भिजवण्याच्या झटापटीत भीती वाढते, आणि भीतीबरोबर वासही. आपल्याकडे हा प्राणी विरळाच, आणि तो विरळाच राहिलेला बरा. थंड कोरड्या पर्वतावरच्या या जिवाला पंचविशीच्या वरचे तापमान सोसत नाही, तर आमच्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

कुत्रा पाळणाऱ्यांना मात्र या प्रकाराचा परिचय असतो. पशुवैद्याच्या टेबलावर चढवलेला कुत्रा थरथरू लागतो आणि तेवढ्यात मासळीसारखी दुर्गंधी सुटते. मालक ओशाळतो, वैद्य खिडकी उघडतो. गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या गंधकोशांचे आकुंचन होऊन ती बाहेर पडलेली असते. प्राण्यांचा प्रत्येक वास भयापोटीच असतो असे मात्र नव्हे: कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघ झाडांवर जो फवारा मारतो त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यात बासमतीच्या सुगंधाला कारण असणारे द्रव्य निघाले. आपल्या आंबेमोहोराचा घमघमाटही त्याच द्रव्याचा. वाघ तो फवारा निवांतपणे, जागा निवडून मारतो. चिचुंद्रीच्या नशिबी ती सवड नाही.

चिचुंद्रीला पूज्य ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिच्या अंगावर पिसवा असतात, लेप्टोस्पायरासारखे रोगजंतू तिच्यामार्फत पसरू शकतात, आणि अन्न उघडे ठेवण्याची सवय तिच्या नावावर खपवण्याजोगी नाही. पण तिच्या खाती जमेची बाजूही आहे. उंदराला ओकारी होत नाही, चिचुंद्रीला होते. १९८७ साली जपानी संशोधकांनी ही गोष्ट पुढे मांडल्यापासून कर्करोगाच्या औषधांनी येणारी मळमळ थांबवणाऱ्या औषधांच्या अभ्यासात ती प्रयोगशाळेत मानाने वागवली जाते.

बजाजनगरच्या स्वयंपाकघरात तिच्याशी वागण्याची रीत मात्र सहसा तीच असते: झाडू, नाहीतर बाजारात मिळणारा चिकट पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर अडकलेली चिचुंद्री सुटेपर्यंत वा मरेपर्यंत भेदरलेलीच राहते, म्हणजे ज्या वासाची तक्रार असते तोच वास आपण रात्रभर तिच्याकडून वसूल करीत असतो. तिला न डिवचता मागचे दार उघडून स्वयंपाकघरातला दिवा मालवला, तर ती आल्या वाटेने, भिंतीला धरून, बहुधा निमूट निघून जाते. पुढे येऊ नये असे वाटत असेल तर मोरीच्या भोकावर बारीक छिद्रांची जाळी बसवावी, झुरळांचा बंदोबस्त करावा, आणि जाळी घट्ट करण्यापूर्वी ती बाहेर गेलेली आहे, अडगळीत मागे पिले राहिलेली नाहीत, याची खातरजमा करून घ्यावी. घरात कोंडली गेलेली चिचुंद्री झाडूने हुसकलेल्या चिचुंद्रीपेक्षा कितीतरी अधिक दरवळते.