कोळशाची दोन गावे

मुलांनो, ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. जवळच्या खाणींतला कोळसा आणि इरई धरणाचे पाणी यांच्या बळावर हे केंद्र चालते. त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. केंद्र वाढले, तशी वसाहतही वाढली. जपानमध्येही कोळशावर असेच एक शहर वाढले होते. त्याचे नाव युबारी. त्याची हकीकत वाचली म्हणजे साऱ्या जपानचा चढउतार तुम्हांला समजेल.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा जपानची शहरे व कारखाने उद्ध्वस्त झाले होते. सरकारने आधी कोळसा आणि पोलाद यांकडे लक्ष दिले. कोळशावर पोलादाच्या भट्ट्या पेटल्या. पोलादापासून यंत्रे, जहाजे, मोटारी तयार होऊ लागल्या. लोक काटकसर करत आणि त्यांची बचत बँकांमार्फत कारखान्यांना मिळे. देश भरभराटीला आला. १९६० साली युबारीत सुमारे १,१७,००० लोक राहत होते.

पुढे परदेशांतून स्वस्त तेल येऊ लागले. कोळशाची मागणी घटली. एकेक खाण बंद पडली. शेवटची १९९० साली. पर्यटक यावेत म्हणून नगरपालिकेने कर्ज काढून करमणुकीची उद्याने बांधली. 'कर्ज' हा शब्द तुमच्या उर्दूतलाच आहे! त्या सुमारास जपानभर लोक कर्ज काढून जमिनी व शेअर घेत होते. भाव वाढतच जातील, असे त्यांना वाटे. १९९० पासून शेअरचे आणि पाठोपाठ जमिनींचे भाव कोसळले. जमिनीची किंमत उतरली, कर्ज मात्र तेवढेच राहिले. बँका अडचणीत आल्या, देशाची वाढ मंदावली. युबारीलाही कर्ज फेडता येईना. २००७ साली ते शहर दिवाळखोर ठरले. तिथल्या शाळा एकत्र कराव्या लागल्या. आज तिथे सात हजारांहूनही कमी लोक राहतात.

जपान मात्र गरीब झाला नाही. खाणी बंद झाल्या, तरी लोकांचे शिक्षण आणि हातातले कसब शिल्लक होते.

चंद्रपूरच्या केंद्राचे पहिले दोन संच जुने होऊन कायमचे बंद झाले आहेत. नवे संच आले, पण जळलेला कोळसा पुन्हा मिळत नाही. म्हणून चांगल्या दिवसांतच पुढची तयारी करावी लागते. तुमच्या परिसरात कोळशावर अवलंबून नसलेले कोणते उद्योग आहेत? घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि यादी करा. त्यांपैकी कोणते काम शिकायला तुम्हांला आवडेल, तेही लिहा.