पाचशेव्या फेरीचा डबा

रुग्णालयात कुणाला सुई टोचली की पहिला प्रश्न येतो, "पेशंट कोण?" इंजेक्शन देताना किंवा सलाईन लावताना नर्सला टोचली असेल तर उत्तर तिथंच मिळतं. बेड नंबर ठाऊक असतो, केसपेपर हाताशी असतो, त्या रुग्णाचं रक्त तपासायला पाठवता येतं. पण सुयांचा डबा उचलताना मावशींना टोचली, तर उत्तर मिळत नाही. डब्यात आख्ख्या वॉर्डाच्या सुया असतात. अशा वेळी आम्ही नोंदवहीत 'सोर्स अननोन' लिहितो. मी बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करते आहे आणि या नोंदी मला सर्वांत जास्त त्रास देतात. नर्सची सुई घाईत, रुग्णानं हात हलवल्यावर टोचते. तो धोका कितीही काळजी घेतली तरी थोडा उरतो. डब्यातून टोचलेली सुई मात्र डबा धड नसल्यामुळेच टोचलेली असते.

धोका किती, ते आधी सांगते. बाधित रक्ताची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के धरली जाते. हिपॅटायटिस सी ची दोन टक्क्यांच्या आत, एचआयव्हीची ०.३ टक्के. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, मग ती २८ दिवस घ्यावी लागतात. त्या औषधांनी मळमळतं, गळून जायला होतं, आणि घरी कुणाला सांगायची सोय नसते.

एका लहान रुग्णालयात डायलिसिसच्या द्रावणाचा रिकामा कॅन सुयांसाठी ठेवलेला होता. भरल्यावर मावशी तो कमरेशी धरून जिन्यानं खाली नेत होत्या. कॅनच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली सुई त्यांच्या मांडीत गेली. त्यांनी पदरानं रक्त पुसलं, कॅन जागेवर पोचवला, आणि ड्यूटी संपताना, संध्याकाळी, सांगितलं. "सिस्टर, तुम्ही ओरडाल असं वाटलं." औषधं सुरू केली, सहा महिने तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या. त्या कॅनवर कुणीतरी मार्करनं 'शार्प्स' लिहिलं होतं. तेवढ्या एका शब्दावर तो सुयांचा डबा ठरला होता.

आपल्याकडे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांत सुया, ब्लेड, स्काल्पेल यांच्यासाठी पांढरा अर्धपारदर्शक डबा सांगितला आहे. त्याला तीन अटी आहेत: सुई आरपार जाऊ नये, द्रव गळू नये, आणि बंद केल्यावर तो कुणाला गुपचूप उघडता येऊ नये. तिसऱ्या अटीचं महत्त्व लोकांना पटकन कळत नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा इथं हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली, अनेकांचे जीव गेले, आणि तिचा माग वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापर्यंत पोचला. वापरलेली सुई आणि सिरिंज पुन्हा बाजारात येऊ नये, म्हणून आम्ही हब कटरनं सुई कापतो आणि म्हणूनच डब्याचं झाकण एकदा बसलं की बसलं पाहिजे.

हे नियम अनुभवातून सुधारतातही. काचेच्या कचऱ्यासाठी २०१६ मध्ये निळ्या खुणेचा पुठ्ठ्याचा खोका चालत होता. २०१८ च्या दुरुस्तीत तिथंही सुई-काच न शिरणारा, न गळणारा डबा आला. तरी एक गोष्ट राहून गेली आहे. नियमांच्या अनुसूचीत 'पंक्चर प्रूफ' हा शब्द आहे, पण किती जोर लावला तरी सुई शिरता कामा नये, याचा आकडा नाही. आकडा नसला की विक्रेता डबा ठोकून दाखवतो, "बघा सिस्टर, किती कडक आहे", आणि खरेदी होते.

आकडा मानकांत सापडतो. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेचं एफ २१३२ हे मानक फक्त याच गुणाबद्दल आहे. डब्याच्या भिंतीचे तुकडे यंत्रात घट्ट बसवतात आणि त्यांत सुई ठरावीक वेगानं दाबतात. सुई आरपार जायला किती बल लागलं हे यंत्र नोंदवतं. सरासरी १५ न्यूटनपेक्षा कमी येता कामा नये, आणि एकही तुकडा १२.५ न्यूटनच्या खाली चालत नाही. १५ न्यूटन म्हणजे साधारण दीड किलो वजनाचा भार, आणि तो सगळा सुईच्या टोकावर. वॉर्डात हिरव्या हबची २१ गेजची सुई सगळ्यांना माहीत असते. ती हातात धरून डोळ्यांपुढे आणा, म्हणजे दीड किलो किती होतात ते कळेल.

या अटीतला दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. सरासरी चांगली असूनही एखादी जागा पातळ असू शकते. फुगवून बनवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात कोपरे सर्वांत जास्त ताणले जातात, त्यामुळे तिथली भिंत सर्वांत पातळ राहते. मावशींना टोचलेली सुई कोपऱ्यातूनच आली होती. प्रामाणिक चाचणी कोपऱ्याचा तुकडा घेते.

भिंतीनंतर पडण्याची चाचणी. रुग्णालयातला संसर्गजन्य कचरा रस्त्यानं नेताना संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांत त्याला ३२९१ हा क्रमांक आहे. त्यासाठीचं कडक आवरण १.२ मीटर उंचीवरून टाकून पाहतात, आणि प्लास्टिकचं असेल तर आधी उणे १८ अंशांपर्यंत थंड करून. आपल्याकडे एवढी थंडी कुठं, असं कुणी म्हणेल. थंड प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून ही वाईटात वाईट स्थिती घेतलेली आहे. आपल्याकडचा शत्रू ऊन आहे. गच्चीवर वर्षभर पडून राहिलेली प्लास्टिकची बादली हँडल धरून उचलली की तडकते. तसाच डबा, कचऱ्याच्या शेडमध्ये उन्हात राहिलेला, आतून सुयांनी भरलेला, कुणीतरी त्याच हँडलनं उचलतो. म्हणून मानकांत हँडल तुटतं का, डबा उतारावर ठेवला तर कलंडतो का, झाकण आपटल्यावर उघडतं का, यांच्याही चाचण्या असतात.

एकदाच वापरायच्या डब्यासाठी एवढं पुरतं. नवा डबा चाचणीत टिकला तर वॉर्डातला डबाही टिकेल, कारण तोही नवाच असतो. पुन्हा पुन्हा वापरायच्या डब्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत सुयांचे डबे भरले की कंपनी ते घेऊन जाते, कारखान्यात यंत्रानं रिकामे करते, धुते, निर्जंतुक करते आणि परत आणून लावते. काही उत्पादक एक डबा पाचशे वेळा वापरता येतो असं सांगतात. पाचशे वेळा गरम पाण्याचे फवारे, पाचशे वेळा रसायनं, ट्रकमधले हादरे, कुलपाची उघडझाप. बिजागरी सैल होते, झाकणाची पकड झिजते, भिंतीवर आतून सुयांचे ओरखडे पडतात. मग तपासायचा कोणता डबा? कारखान्यातून आजच बाहेर पडलेला डबा तपासून पाचशेव्या वेळेबद्दल काहीच कळत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं १९९४ मध्येच पुन्हा वापरायच्या डब्यांसाठी ४२६१ क्रमांकाचं वेगळं मानक केलं. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं, म्हणजे आयएसओचं, २३९०७ हे मानक २०१२ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले: पहिला एकदाच वापरायच्या डब्यांचा, दुसरा पुन्हा वापरायच्या डब्यांचा. दुसऱ्या भागाचा गाभा असा: उत्पादकानं डबा किती फेऱ्या टिकेल ते आधी जाहीर करायचं, तेवढ्या फेऱ्यांची झीज डब्यावर मुद्दाम घडवून आणायची, आणि मग त्या थकलेल्या डब्यावर सुईची, पडण्याची, गळण्याची चाचणी घ्यायची. मी खरेदी समितीत असते तेव्हा माझा आग्रह हाच असतो. चाचणीचा अहवाल दाखवा, आणि चाचणीच्या दिवशी डबा किती जुना होता ते दाखवा. डब्यावर बारकोड असला तर त्याच्या किती फेऱ्या झाल्या हे मोजता येतं. मोजणी नसेल तर पाचशेवा डबा आणि आठशेवा डबा ओळखणार कसा?

डबा पुन्हा वापरण्यात दुसरा धोका रिकामा करण्याचा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं १९९१ मध्ये रक्तातून पसरणाऱ्या जंतूंबद्दल जो नियम केला, त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे: पुन्हा वापरायचे डबे हातानं उघडायचे नाहीत, हातानं रिकामे करायचे नाहीत, हातानं धुवायचे नाहीत, आणि कामगाराला टोचेल अशा दुसऱ्या कोणत्याही रीतीनंही नाहीत. माझ्या मते या विषयावरचं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. पुन्हा वापराची सगळी व्यवस्था डबे रिकामे करणाऱ्या, धुणाऱ्या यंत्रावर उभी आहे. यंत्र नसेल तर व्यवस्थाच नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? प्लास्टिकसाठी. एकदाच वापरायचा डबा सुयांसकट नष्ट होतो, आणि मोठ्या रुग्णालयात असे हजारो डबे लागतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न मेमोरियल हॉस्पिटलनं पुन्हा वापरायचे डबे घेतल्यावर डब्यांमुळे होणारं कार्बन उत्सर्जन वर्षाला १२७ टनांनी, म्हणजे ८३.५ टक्क्यांनी घटलं, असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या ४० संस्थांच्या अभ्यासातही जवळपास तेवढीच घट दिसली. दोन्ही अभ्यासांच्या लेखकांत या उद्योगाला सल्ला देणारी व्यक्ती आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं. तरी दिशा खरी आहे, असं मला वाटतं. डबे हजारांनी फेकले नाहीत तर प्लास्टिक वाचणारच.

उलट बाजूचाही एक अभ्यास आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांची माहिती पाहून संशोधकांना दिसलं, की जिथं एकदाच वापरायचे डबे होते तिथं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणारे जुलाब कमी होते. डब्यामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि त्यावर वादही झाला. पण हा जंतू बीजाणू तयार करतो, आणि ते बीजाणू हाताला लावायच्या अल्कोहोलनं मरत नाहीत. एका रुग्णालयातून निघालेला डबा धुऊन दुसऱ्या रुग्णालयाच्या आयसीयूत लागणार असेल, तर तो बाहेरूनही निर्जंतुक झाल्याचा पुरावा मागणं हा आमचा हक्क आहे.

आपल्याकडे पांढरा डबा सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो. तिथं सुया ऑटोक्लेव्ह किंवा कोरड्या उष्णतेनं निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करायचे आणि धातू ओतशाळेत पाठवायचा, असा नियमातला एक मार्ग आहे. पुन्हा वापराची यंत्रणा मी काम केलेल्या रुग्णालयांत नव्हती. पैसे वाचवायला डबा दुसऱ्या पिंपात उलटा करायचा आणि परत वॉर्डात आणून ठेवायचा, हे मात्र मी पाहिलं आहे. हा पुनर्वापर नाही, हे मावशींच्या आणि मामांच्या जिवाशी खेळणं आहे. जोवर डबा यंत्रानं रिकामा होत नाही आणि त्याच्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत, तोवर आपल्या रुग्णालयांनी एकदाच वापरायचा, तपासलेला डबाच घ्यावा.

चांगला डबाही चुकीच्या जागी निकामी होतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं १९९८ मध्ये सुचवलं, की उभ्यानं काम करण्याच्या जागी भिंतीवरचा डबा जमिनीपासून ५२ ते ५६ इंचांवर असावा, म्हणजे टाकणाऱ्याला त्याचं तोंड वरून दिसतं. आमच्या मुलींची उंची पाहून मी तो काही इंच खाली लावून घेते. आणि तीन चतुर्थांश भरला की डबा बंद. वर चेपून आणखी चार सुया बसवणाऱ्या हाताला मी लगेच थांबवते.

रुग्णालय चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डब्यांच्या कोटेशनसोबत चाचणीचा अहवाल मागा, त्यात न्यूटनचा आकडा शोधा, आणि डबे उचलणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस दिली आहे का ते तपासा. ती लस देणं २०१६ च्या नियमांनीच तुमच्यावर बंधनकारक केलं आहे.

आणि ज्यांच्या घरी इन्सुलिन घेतलं जातं, त्यांना. घरातल्या सुया २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. घंटागाडीवरच्या माणसाला तुमची सुई टोचली, तर त्यालाही "पेशंट कोण?" याचं उत्तर देता येणार नाही. डिटर्जंटची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, वापरलेली सुई टोपण न लावता थेट तिच्यात टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर 'वापरलेल्या सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि बाटली वेगळी द्या. ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या पिशवीत मोकळी सुई टाकू नका.